शुगर आटोक्यात, तरी खाज जाईना: लातूरकडच्या एका मावशींची केस

पार्श्वभूमी

मी लातूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, गावात सगळे नुसतं मॅडम म्हणतात. ज्यांची ही केस आहे त्यांना आपण सुमनमावशी म्हणू. नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. वय ४७, दोन मुलं, एक सून, तीन एकर सोयाबीन आणि तूर. पाळी अजून चालू पण महिने चुकायला लागलेले. डायबिटीस सहा वर्षांपासून.

आधी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या घ्यायच्या. मागच्या दिवाळीनंतर शुगर फारच वाढली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट ९.४ आली, तेव्हा मुलानं त्यांना शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं आणि तिथं आधीच्या गोळ्यांसोबत एक नवी गोळी चालू झाली. शुगर छान उतरली. पुढची टेस्ट ७.१ आली, घरात सगळे खूश, मावशी पण खूश.

हे "शुगर छान उतरली" लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यामुळेच झालाय.

अडचण काय होती

संक्रांतीच्या आसपास पहिल्यांदा खाज सुटली. मग घट्ट पांढरं जायला लागलं, दह्याच्या चोथ्यासारखं, वास असा काही नाही. लघवी करताना बाहेरच्या कातडीला आग. मेडिकलवाल्यानं एक किट दिलं, चार दिवसांत बरं वाटलं. होळीला पुन्हा तेच. मे महिन्यात लग्नसराईत पुन्हा. आणि जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत चौथ्यांदा, तेव्हा आशाताई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. आल्या म्हणजे काय, आधी बीपी तपासायचं निमित्त करून आल्या, बाकीच्या बाया उठून जाईपर्यंत बसून राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, लई आग व्हायली खाली. रातची झोप नाही. कुनाला सांगावं आता?"

अंगावरून पांढरं जाणं ही आपल्याकडे फार मोठी पिशवी आहे, बायका त्यात सगळंच टाकतात. पाळीच्या मधल्या काळात जाणारं नॉर्मल पातळ पाणी पण त्यातच, इन्फेक्शन पण त्यातच, आणि कंबरदुखी, हातपाय गळणं हे पण "पांढरं जातंय म्हणून". त्यामुळे ऐकणारा पण सगळ्याला एकच उत्तर देऊन मोकळा होतो. यीस्टचं इन्फेक्शन, म्हणजे कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं, ते तसं कॉमन आहे, चारातल्या तीन बायकांना आयुष्यात कधीतरी एकदा होतंच. ही बुरशी बऱ्याच जणींच्या अंगात गुपचूप असतेच, त्रास देत नाही. पण वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारं म्हणतात आणि तिथं नुसती गोळी देऊन भागत नाही, कशामुळे परत परत येतंय ते शोधावंच लागतं. मावशींचे सहा महिन्यांतच चार झाले होते.

तोपर्यंत काय काय करून झालं होतं

यादी लांब आहे. मेडिकलमधलं ते किट म्हणजे एकात तीन औषधं, फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल. बुरशीवर त्यातलं पहिलंच काम करतं. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे, अँटिबायोटिकनं योनीतले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, ते पण मरतात आणि मग बुरशीला रान मोकळं. म्हणजे ज्या किटनं बरं वाटत होतं त्यातच पुढच्या वेळची थोडी सोय पण होत होती.

मग एक ट्यूब. खाज थांबवणारी, स्टेरॉइड मिसळलेली. लावली की दहा मिनिटांत गार वाटायचं म्हणून मावशी ती दिवसातून तीनदा लावायच्या, त्यानं कातडी पातळ होऊन भेगा पडल्या. शिवाय डेटॉल टाकलेलं पाणी. तुरटीचं पाणी. जाऊबाई म्हणाल्या उष्णता झालीय, म्हणून अंडी, मेथी, गूळ, सगळं बंद आणि सब्जाचं पाणी चालू. कोणीतरी म्हणालं हे मालकाकडून आलंय, त्यावरून घरात आठ दिवस अबोला. त्यांच्या मालकांना काहीच त्रास नव्हता. यीस्ट हा बाहेरून लागलेला गुप्तरोग नाहीये, नवऱ्याला खाज, लाली असेल तरच त्याची ट्रीटमेंट करायची असते, उगाच दोघांना गोळ्या द्यायची गरज नसते. हे मी पुढे दोघांना समोर बसवून सांगितलं. काका पूर्ण वेळ भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे बघत होते, पण ऐकत होते.

आणि तिसऱ्या वेळी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढून टाका म्हणजे कायमचा त्रास जाईल.

यावर थोडं थांबते. आमच्या भागात हे वाक्य हलकं घेण्यासारखं नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या हा आकडा २०१९ मध्ये सरकारनंच विधान परिषदेत दिला होता, आणि त्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी जणींची मूळ तक्रार काय होती तर पांढरं जातंय, पोट दुखतंय. कॅन्डिडा योनीत आणि बाहेरच्या कातडीवर वाढतो. गर्भाशय काढलं तरी ती जागा तिथंच राहते, खाज पण राहते. मावशी ऑपरेशनला जवळजवळ तयार झाल्या होत्या, सोयाबीनचे पैसे आले की करायचं असं ठरलं पण होतं.

उपकेंद्रावर काय दिसलं

माझ्याकडे मायक्रोस्कोप नाही, आतून तपासायची नीट सोय पण नाही. पण विचारता येतं, आणि थोडंफार बघता येतं. मी पण सुरुवात स्वच्छतेपासूनच केली, सगळे करतात तशी. निकर नायलॉनची, धुऊन न्हाणीघरात टॉवेलच्या खाली वाळत घातलेली, कारण बाहेर दोरीवर घालायची लाज. पावसाळ्यात ती दोन दोन दिवस दमटच. हे कारण आहे का तर मदत करणारं आहे, ओल आणि घाम बुरशीला आवडतो. पण मावशी वीस वर्षं तशाच वाळत घालतायत आणि खाज ह्याच वर्षी का, ह्याचं उत्तर त्यात मिळत नव्हतं. आणि एक सांगू का, ज्या जिल्ह्याला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या बाईला उठता बसता "स्वच्छता ठेवत जा" सांगताना जरा तरी विचार करावा.

मग गोळ्या विचारल्या. "शुगरची गोळी हाय, बीपीची हाय." दाखवा. त्यांनी पदराच्या गाठीतून नाही, ब्लाउजमधल्या पाकिटातून पट्ट्या काढल्या, मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दहा दहा दिलेल्या. एका पट्टीवर नाव अर्धंच उरलेलं, शेवटचं "फ्लोझिन" आणि "एम" एवढंच दिसत होतं. तेवढं पुरेसं होतं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन, ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. ही किडनीला सांगतात की साखर परत रक्तात घेऊ नको, लघवीवाटे जाऊ दे. एरवी रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत साखर उतरत नाही, पण ही गोळी चालू असली की शुगर ११० असली तरी उतरते, दिवसाला साठ सत्तर ग्रॅमपर्यंत. औषध आहे चांगलं, हार्ट फेल्युअर आणि किडनीला तर त्याचा मोठा फायदा आहे. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं, मग भरपूर कंपन्यांनी काढलं, स्वस्त झालं आणि आता तालुक्याला पण सर्रास लिहितात. पण ती गोड लघवी जिथून जाते तिथं बुरशीला आयतं जेवण मिळतं. कंपन्यांच्या स्वतःच्या अभ्यासात हे घेणाऱ्या शंभरात सात आठ बायकांना असं इन्फेक्शन झालं, औषध नसलेली नकली गोळी दिलेल्या गटात शंभरात एक दोन.

खात्री करायला लघवी तपासायची पट्टी घेतली, गरोदर बायांसाठी असते तीच. डब्यावरच्या रंगांशी जुळवायला अर्धा मिनिट थांबायचं असतं, पण इथं थांबायलाच लागलं नाही, साखरेचा चौकोन हिरवट निळ्यावरून बघता बघता गडद तपकिरी झाला. त्याच वेळी बोटातून घेतलेली उपाशीपोटी शुगर ११८. मावशी म्हणाल्या, "अन् शुगर तं चांगली हाय की माझी." चांगलीच होती. म्हणूनच आधीच्या प्रत्येकानं डायबिटीस बाजूला ठेवला, रिपोर्ट बघितला आणि शुगर कंट्रोलमध्ये आहे म्हणजे कारण दुसरं काहीतरी असं धरून चालले. गुळाची ढेप उघडी ठेवून सहा महिने मुंग्या मारणं चालू होतं.

तारखा पण जुळल्या. गोळी दिवाळीनंतर, खाज संक्रांतीला.

अजून एक गोष्ट सहज बोलण्यात निघाली. किट घेतलं की दुसऱ्या दिवशी त्यांना थरथर सुटायची, घाम फुटायचा, डोळ्यापुढे अंधारी. घरात समज असा की पांढरं गेल्यानं अशक्तपणा आलाय. फ्लुकोनाझोलमुळे ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ टिकतं आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते. दोन वेळा तरी तेच झालं असावं, आणि दोन्ही वेळा सुनेनं चहात जास्त साखर घालून दिली म्हणून निभावलं.

पर्याय कोणते होते

पहिला सोपा पर्याय, दर वेळी झालं की एक कॅप्सूल. मावशींना हाच हवा होता, स्वस्त आणि कोणाला काही सांगायला नको. पण चार वेळा करून झालं होतं.

दुसरा, ती शुगरची गोळी आजच बंद करा असं मीच सांगून टाकणं. मोह झाला होता. पण गोळी बंद, पर्याय काही नाही, तर शुगर पुन्हा दोनशे अडीचशेला जाणार आणि वाढलेल्या शुगरनं पण हेच इन्फेक्शन होतं, शिवाय हार्ट किंवा किडनीसाठी दिली असेल तर बंद करणं महागात पडू शकतं. ती कशासाठी दिली हे मला चिठ्ठीवरून कळत नव्हतं. म्हणून नाही सांगितलं. स्टेरॉइडची ट्यूब आणि डेटॉल मात्र त्याच दिवशी बंद केलं.

तिसरा, सहा महिन्यांचा कोर्स. वारंवार होणाऱ्या केसमध्ये आधी फ्लुकोनाझोल १५० चे तीन डोस, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि मग आठवड्याला एक असं सहा महिने देतात. चालू असेपर्यंत छान राहतं, पण थांबवल्यावर जवळजवळ निम्म्या जणींना परत होतं. ग्लिमेपिराइड चालू असलेल्या बाईला सहा महिने हे द्यायचं तर शुगर उतरण्याची धास्ती वेगळी.

चौथा पर्याय पिशवी काढणं, त्याबद्दल वर बोललेच.

काय केलं

चिठ्ठी देऊन सरकारी हॉस्पिटलच्या स्त्रीरोग ओपीडीला पाठवलं, सोबत आशाताई. चिठ्ठीत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पूर्ण नावं, कधीपासून चालू, आणि लघवीत साखर भरपूर पण रक्तातली शुगर ११८ हे वेगळ्या ओळीत लिहिलं. जाताना मावशींनी विचारलं, "आतून तपासत्याल का? बाईच असंल का तिथं?" बाईच होत्या.

तिथं आतून तपासलं, पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, बघितला तर ४, म्हणजे यीस्टला साजेसा. वास येणारं जे दुसरं इन्फेक्शन असतं त्यात तो ४.५ च्या वर जातो. स्लाइडवर पोटॅशच्या थेंबात बुरशीचे धागे दिसले. कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून तिची जात ओळखायची टेस्ट, पण पाठवलं आणि हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो, कारण कधीकधी बुरशी ग्लाब्राटा जातीची निघते, तिच्यावर फ्लुकोनाझोल नीट चालत नाही आणि मग बोरिक ॲसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल वगैरे वेगळा मार्ग धरावा लागतो (ती कॅप्सूल चुकून गिळली तर विष आहे, घरात लेकरं असतील तर फार सांभाळावं लागतं). इथं नेहमीची अल्बिकन्स निघाली. वयामुळे गर्भाशयमुखाची तपासणी त्याच बैठकीत उरकली, एचआयव्हीची टेस्ट विचारून केली, दोन्ही ठीक. पिशवीत काढण्यासारखं काही नव्हतं.

मग मेडिसिनच्या डॉक्टरांकडे. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) नॉर्मल, लघवीत प्रोटीन नाही, हृदयाचा त्रास नाही, म्हणजे ती गोळी फक्त शुगरसाठीच होती. त्यांनी ती थांबवून मेटफॉर्मिनसोबत टेनेलिग्लिप्टिन ही दुसऱ्या घराण्यातली शुगरची गोळी दिली. ग्लिमेपिराइड फ्लुकोनाझोलच्या दिवसांपुरतं निम्मं केलं आणि रोज सकाळी बोटातून शुगर बघायला सांगितली, ती मावशी उपकेंद्रावर येऊन बघायच्या. फ्लुकोनाझोलचे तीन डोस, बाहेरून क्लोट्रिमाझोल, बुरशीचं साधं मलम. सहा महिन्यांचा कोर्स मुद्दाम नाही दिला. कारण काढून टाकलंय तर तीन महिने बघू, परत आलं तर आहेच, असं ठरलं.

घरच्या गोष्टी मी घेतल्या. साध्या पाण्यानं फक्त बाहेरून धुवायचं, आत काही घालायचं नाही. लघवीनंतर कोरडं करायचं. सुती निकर, आणि वाळत कुठं घालायच्या ह्यावर मावशींनी स्वतःच तोड काढली, गच्चीवर मिरच्या वाळतात त्याच्या पलीकडच्या दोरीवर, तिकडे पुरुष माणसं जात नाहीत. अंडी, मेथी चालू करा म्हटलं. गूळ मात्र बंदच राहू द्या, त्याचं कारण वेगळं.

निकाल

आठवड्यात खाज गेली, भेगा भरायला महिना लागला. जुलै ते सप्टेंबर काहीच नाही. नवरात्रात मावशींचे नऊ दिवसांचे उपास, त्यात पायात बाभळीचा काटा मोडून पू झाला, अँटिबायोटिक घ्यावं लागलं आणि दसऱ्यानंतर पुन्हा थोडी खाज. ह्या वेळी त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, बाकीच्या बाया उठायची वाट न बघता. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या १०० च्या गोळ्या सहा रात्री, तेवढ्यात मिटलं. पुढची होळी कोरडी गेली.

फुकट मात्र काही मिळालं नाही. गोळी बदलल्यावर एचबीएवनसी ७.१ वरून ७.७ वर गेली. मेटफॉर्मिन वाढवलं, संध्याकाळचं चालणं सुरू केलं (हे अर्धवटच चालू आहे), तेव्हा ७.३ झाली. ऑपरेशनसाठी ठेवलेल्या सोयाबीनच्या पैशातून बोअरची मोटर भरून घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी तर गोळी सुरू करतानाच होती. ह्या गोळीनं साखर लघवीवाटे जाईल, कोरडं ठेवा, खाज सुटली तर लगेच या. दोनच वाक्यं. सोबत हेही, की कडक उपास किंवा उलट्या जुलाब असतील तेव्हा ही गोळी थांबवायची का ते विचारा, कारण उपाशीपोटी ह्या औषधानं रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो आणि तेव्हा शुगरचा आकडा फार वाढलेला दिसेलच असं नाही. आमच्याकडे नवरात्र, श्रावण, चतुर्थ्या, काय काय असतं. आणि त्या भागात खूप दुखायला लागलं, सूज, ताप आला तर सरळ मोठ्या हॉस्पिटलला, ते क्वचित होतं पण जिवावर बेततं.

दुसरी संधी मेडिकलच्या काउंटरवर. दुसऱ्यांदा तेच किट मागायला आलेल्या बाईला शुगर आहे का, कोणती गोळी चालू आहे एवढं विचारलं असतं तर मार्चमध्येच उलगडा झाला असता, कारण ती गोळी पण त्याच दुकानातून जात होती.

गोळी बदलण्याचा निर्णय सगळ्यांना लागू होईल असं मात्र नाही. मावशींना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असता तर डॉक्टरांनी बहुतेक गोळी चालू ठेवून इन्फेक्शनच सांभाळलं असतं, तेव्हा तो आठवड्याला एक वाला सहा महिन्यांचा कोर्स कामाला आला असता. मावशींची सून आता गरोदर आहे, तिला असा त्रास झाला तर सासूची उरलेली कॅप्सूल द्यायची नाही हे त्या घरात दोनदा सांगून झालंय, गरोदरपणात फ्लुकोनाझोल तोंडावाटे टाळतात, योनीत ठेवायच्या गोळ्या सात दिवस देतात. आणि प्रत्येक खाज यीस्ट नसते. पन्नाशीकडे कातडीचे दुसरेही आजार तिथं होतात, त्यामुळे न बघता तिसऱ्यांदा यीस्टचंच औषध देणं मला तरी पटत नाही.

आमच्या उपकेंद्रावर आता शुगरच्या रजिस्टरला एक रकाना हातानं आखलाय, त्यात पट्टीवरचं गोळीचं पूर्ण नाव लिहितो. कापलेली पट्टी आणली तर परत पाठवून चिठ्ठी मागवतो, ह्यावर थोडी कुरकुर होते. खाजेची तक्रार असलेल्या प्रत्येकीची लघवी पण पट्टीवर बघतो, पण पट्ट्या येतात गरोदर बायांच्या हिशोबानं, महिनाअखेरीला संपतात. मागणी वाढवून लिहिली आहे, तालुक्याहून अजून उत्तर नाही.